एक रोज फुटतो, दुसरा १३० वर्षांपासून गप्प आहे: इटलीच्या ज्वालामुखी बेटांवर जाण्याआधी हे वाचा

काळोखी रात्र, समुद्रात उभा एक डोंगर आणि त्याच्या माथ्यावरून दर काही मिनिटांनी उडणारे लाल निखारे. हे रील तुमच्याही फीडमध्ये आलं असेल. हे आहे इटलीतलं स्ट्रॉम्बोली. रीलमध्ये एक गोष्ट मात्र दिसत नाही. त्याच्या शेजारी आणखी सहा बेटं आहेत. सगळी ज्वालामुखीतूनच तयार झालेली, पण स्वभावाने एक दुसऱ्यासारखं नाही.

सिसिलीच्या उत्तरेला असलेली ही एओलियन बेटं २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. त्याचं मोठं कारण म्हणजे ज्वालामुखीशास्त्रातले उद्रेकाचे दोन प्रकार याच बेटांच्या नावाने ओळखले जातात: स्ट्रॉम्बोलियन आणि व्हल्कानियन.

दोन्हींत फरक काय?

स्ट्रॉम्बोलीचा शिलारस तुलनेने पातळ आहे. त्यातून वायूचे मोठे बुडबुडे वर येतात आणि तोंडाशी फुटतात. साधारण दर १०-२० मिनिटांनी असा छोटा स्फोट होतो, आणि हे शेकडो वर्षं चालू आहे. म्हणून खलाशी याला भूमध्य समुद्राचं दीपगृह म्हणायचे.

व्हल्कानोचं उलट आहे. तिथला शिलारस घट्ट, त्यामुळे तोंडाला बूच बसल्यासारखं होतं. आत दाब साठत राहतो आणि मग एकदम जोरदार स्फोट होतो. शेवटचा उद्रेक १८८८ ते १८९० दरम्यान झाला. ज्वालामुखीसाठीचा इंग्रजी शब्द याच बेटाच्या नावावरून आला. बोटीतून उतरताच सडक्या अंड्यासारखा वास येतो. चांदीचे दागिने घालून जाऊ नका, काळे पडतात.

आता मुद्द्याचं. रोज फुटतो म्हणून स्ट्रॉम्बोली पर्यटकांना ओळखीचा वाटतो. पण ३ जुलै २०१९ रोजी नेहमीपेक्षा कितीतरी मोठा स्फोट झाला आणि एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. त्याआधी ३० डिसेंबर २००२ ला डोंगराचा एक भाग समुद्रात कोसळून त्सुनामी आली होती. पूर्वी गाइडसोबत थेट ९२४ मीटरच्या माथ्यावर जाता यायचं. २०१९ नंतर माथा बंद झाला. किती उंचीपर्यंत जाता येईल, हे ज्वालामुखीच्या हालचालींनुसार बदलत राहतं. त्यामुळे जुने ट्रॅव्हल व्हिडिओ पाहून बेत आखू नका. माझं मत विचाराल तर संध्याकाळी बोटीतून ‘श्यारा देल फुओको’ हा उतार पाहावा. तापलेले दगड घरंगळत समुद्रात पडताना दिसतात, तेही लांबून.

गप्प असलेलं व्हल्कानोही पूर्ण झोपलेलं नाही. २०२१ मध्ये तिथे वायूचं प्रमाण इतकं वाढलं की नोव्हेंबरमध्ये बंदराजवळच्या रहिवाशांना रात्री घरात झोपायला मनाई झाली. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, सखल जागी साचतो आणि त्याला वासही नसतो. ना धूर, ना ज्वाळा, तरी धोका. अशा गोष्टीचं रील होत नाही.

बाकीच्या बेटांवर मात्र निवांतपणा आहे. लिपारी सगळ्यांत मोठं. इथली काळी ज्वालामुखी काच, म्हणजे ऑब्सिडियन, अश्मयुगात हत्यारांसाठी दूरवर जायची. टाचा घासायला वापरतात तो प्यूमिस दगडही इथे खणून काढायचे. सालिना हिरवंगार आहे, केपर्स आणि माल्वासिया नावाच्या गोड वाइनसाठी प्रसिद्ध. ‘इल पोस्तिनो’ या सिनेमाचं काही चित्रीकरण इथलंच. पानारेआ सर्वांत छोटं आणि सर्वांत महागडं. फिलिकुदीला गर्दी कमी.

आणि अलिकुदी! तिथे मोटारींसाठी रस्तेच नाहीत, नुसत्या दगडी पायऱ्या. सामान खेचरांच्या पाठीवरून वर जातं. चाकांची बॅग नेलीत तर ती तुम्हालाच उचलावी लागेल.

भारतातून जायला शेंगेन व्हिसा लागतो. बेटांवर विमानतळ नाही, सिसिलीतल्या मिलात्सो बंदरातून बोट घ्यावी लागते. लिपारी मध्यावर असल्याने मुक्काम तिथे केलेला बरा. हिवाळ्यात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा.