मिळवत्या मुलींच्या लेखिका : मालतीबाई बेडेकर

मुलींनी शिकावे की नाही, याविषयी घरोघरी वाद चालत असे त्या काळी, शिकून मिळवत्या झालेल्या मुलीचे पुढे काय होते, हा प्रश्न ज्यांनी मराठी वाचकांपुढे ठेविला, त्या कै. मालतीबाई बेडेकर यांचे स्मरण आपल्या समाजातील कुटुंबांस उपयोगी पडेल असे वाटते.

मालतीबाई, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, यांचा जन्म १९०५ सालचा. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. १९१६ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी कन्याशाळेत अध्यापन केले. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि मोठी खळबळ उडाली. लेखिका कोण, याविषयी तर्क चालले, निषेधही झाले. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, परंतु घरच्यांच्या गरजेपायी स्वतःचा संसार थांबलेल्या मुलींचे दुःख त्यांत उघडपणे मांडलेले होते. १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली. १९३८ साली त्यांचा विवाह श्री. विश्राम बेडेकर यांच्याशी झाला. सोलापुरास गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली. त्या अनुभवातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी निर्माण झाली. २००१ साली त्या निवर्तल्या.

अमेरिकेत हेलन वेल्स यांनी १९४३ पासून चेरी एम्स नावाच्या परिचारिकेच्या कादंबऱ्या मुलींसाठी लिहिल्या. नोकरीतील हौस व धाडस हा त्यांचा विषय. मालतीबाईंनी मात्र पगार हाती आल्यानंतरचे घर पाहिले.

येथे एक घरची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आम्ही सिद्धेश्वरचे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या थोरल्या ताईस शिक्षिकेची नोकरी लागली. तिच्या पगारावर घर तगले, माझे मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाले, धाकट्या बहिणींची लग्ने झाली. तिच्यासाठी स्थळ आले की वडील म्हणत, “यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू.” ते पुढचे वर्ष कधी उजाडलेच नाही. पुढे मीही शिक्षक झालो. शाळेच्या कपाटात ‘कळ्यांचे निःश्वास’ हाती लागले, ते एका रात्रीत वाचले. सकाळी ताईने चहा पुढे ठेविला, तेव्हा मान वर करवेना. वडिलांस दोष देणे सोपे होते; पण त्या पगाराची वही मीच तर लिहीत होतो.

आज आपल्या मुली शाळांत, दवाखान्यांत, बँकांत नोकरी करीत आहेत. हा अभिमानाचा विषय खरा. परंतु ज्ञातिबांधवहो, मुलीचा पहिला पगार देवापुढे ठेवाल, त्या दिवशी तिला जवळ बसवून एवढेच विचारा : “बाळ, तुझ्या मनात काय आहे?” आमच्या ताईस हे कोणी विचारले नाही.