आखाजी, आजोळ आणि पहूरची छोटी गाडी

१/ उन्हाळ्याच्या सुटीत मुलाबाळांसह मामाच्या गावी जाणे ही शाळेमुळे पडलेली रीत आहे, असा सर्वसाधारण समज आहे. खानदेशात ही रीत शाळेहून जुनी आहे आणि तिच्या केंद्रस्थानी मुले नसून त्यांची आई आहे. जळगाव जिल्ह्यातील पहूरच्या वाटेने जाणारा हा इतिहास. 🧵

२/ वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात तिला ‘आखाजी’ म्हणतात. दिवाळीच्या तोडीचा हा सण. पितरांच्या नावाने मातीची घागर भरून पुजली जाते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात. मात्र सणाचे खरे लक्षण एकच : सासरी गेलेल्या लेकी या दिवसांत माहेरी येतात.

३/ हीच वेळ का? उत्तर शेतीत आहे. रब्बीचे धान्य घरात आलेले असते, मृग नक्षत्र अजून महिनाभर दूर असते, बैल मोकळे असतात. सालदाराचे वर्षही आखाजीलाच संपते आणि नवे ठरते. वर्षातील एवढ्याच काळात सासरच्या घराला सुनेच्या श्रमांवाचून थोडे दिवस निभावता येत असे.

४/ तरीही सुनेने आपण होऊन निघावे, अशी रीत नव्हती. माहेरहून भाऊ किंवा दुसरा कुणी न्यायला यावा लागे. त्याला ‘मुराळी’ म्हणतात. तो आला आणि सासरच्यांनी होकार दिला, तरच गाडी जुंपली जाई. मुले आईसोबत जात. आजोळची सुटी ही मुळात आईला मिळालेली रजा होती.

५/ बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर आसोदे आणि सासर जळगाव. दोन्ही गावे अगदी जवळजवळ. तरी त्यांच्या कवितेत माहेर आणि माहेराची वाट पुन्हा पुन्हा येते, आखाजीवरही त्यांची कविता आहे. माहेर किती दूर, हे कोसांवर ठरत नसे. तिकडे जाण्याची मुभा किती, यावर ठरत असे.

६/ आता रेल्वेकडे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० च्या दशकात भुसावळपर्यंत पोहोचला. त्याच काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पुढे मुख्य मार्गापासून दूर असलेल्या कापूसपट्ट्यांना जोडण्यासाठी छोटे फाटे निघाले.

७/ त्यांपैकी एक पाचोरा–जामनेर. लांबी सुमारे ५६ किलोमीटर, रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. १९१८-१९ च्या सुमारास तो सुरू झाला. वऱ्हाडातील प्रसिद्ध ‘शकुंतला’ ज्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, तिचाच हाही मार्ग. वाटेत वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी आणि पहूर. लोकांनी गाडीला सुटसुटीत नाव दिले : ‘पीजे’.

८/ पहूर हे वाघूर नदीकाठचे गाव. पेठ आणि कसबे असे त्याचे दोन भाग. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता येथूनच जातो. मुंबईहून येणारे कुटुंब पाचोऱ्याला मोठी गाडी सोडून पीजेत बसे. सुरतेच्या कापड उद्योगात गेलेली खानदेशी माणसे तापी खोऱ्याच्या मार्गाने जळगावला उतरून या रस्त्याने येत.

९/ कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून अशा रीतीने लेकीबाळी माहेरी येऊ लागल्या. इंग्रजी अमलात शाळांना मे महिन्याची सुटी मिळू लागली, तीही आखाजीच्या आसपासच पडे. शेतीचे पंचांग, शाळेचे वेळापत्रक आणि रेल्वेचे तिकीट एकत्र आले. गदिमांच्या बालगीतामुळे मराठी मुलांच्या मनात ठसलेली मामाच्या गावची आगगाडी या संगमातून आलेली आहे.

१०/ या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. वडिलांच्या जमिनीत लेकीला भावाबरोबरीचा वाटा नव्हता. आखाजीचे चार दिवस, साडीचोळी आणि मुलांच्या हातावरचा खाऊ हाच व्यवहारात तिचा वाटा होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मालमत्तेत वारसा दिला. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध समान हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला.

११/ परंतु कायदा आला तरी अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. कारण उघड आहे : जमीन मागितली तर माहेरचे दार बंद होईल, ही भीती. आजोळच्या अंगणातील झोक्याची किंमत कित्येक आयांनी अशी सातबाऱ्यावरचे नाव सोडून चुकवली आहे. मुलांना मात्र तेथे फक्त आंबेच दिसत होते.

१२/ मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे देशातील प्रवासी गाड्या थांबल्या, त्यांत पीजेही होती. त्या वर्षी आखाजी २६ एप्रिलला आली. ज्या सणाचा अर्थच लेकीचे येणे, त्या सणाला जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. घागरी भरल्या गेल्या, पण न्यायला कोणी जाऊ शकले नाही आणि कोणी आले नाही.

१३/ इतर गाड्या नंतर सुरू झाल्या; अरुंद रुळांवरची पीजे परतली नाही. हा मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर झाला आहे. त्या छोट्या गाडीची नोंद कापसाच्या इतिहासात होईलच. तिच्या डब्यांतून, मांडीवर एक आणि बोटाशी एक मूल घेऊन, वर्षातून एकदा पहूरला उतरणाऱ्या बायांची नोंदही तिथेच व्हायला हवी.