कोशाच्या टेबलावरची उमेदवारी

मराठीत ‘संपादक’ हा शब्द फार ताणला गेला आहे. अग्रलेख लिहितो तो संपादक, दिवाळी अंकासाठी लेख मागतो तो संपादक, पोथीचे पाठभेद लावतो तो संपादक, आणि गौरवग्रंथावर ज्याचे नुसते नाव असते तोही संपादकच. या गर्दीत एक माणूस हरवतो. माहितीपर किंवा वैचारिक लेखनाचा कच्चा खर्डा हातात घेऊन ‘हे प्रकरण आधी हवे, इथे दाखला नाही, हा मुद्दा दोनदा आला’ असे लेखकाला सांगणारा. शुद्धलेखन तपासणारा वेगळा, मुद्रितशोधक त्याहून वेगळा. लेखनाची बांधणी पाहणाऱ्या या माणसाला आपण धड नावही दिले नाही, मग त्याला शिकवण्याची सोय कुठून करणार? तरीही असे लोक मराठीत तयार झाले. ते कुठे घडले याचा माग काढत गेले तर तो विद्यापीठाच्या दारात जात नाही, कोशांच्या कचेऱ्यांत जाऊन पोहोचतो.

श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’च्या मागे लागले. त्यासाठी त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली, नागपुरात सुरुवात केली, मग कारभार पुण्याला आणला. १९२० ते १९२९ या काळात २३ खंड बाहेर पडले: पाच प्रस्तावनाखंड, त्यानंतर अकारविल्ह्याने चालणारे शरीरखंड, मग सूची आणि शेवटी हिंदुस्थानविषयक खंड. वर्गणीदार गोळा करत गावोगाव हिंडायचे आणि त्याच वेळी मजकूर छापखान्यात वेळेवर पोचवायचा, अशा ओढाताणीत मदतनिसांना जे करावे लागले तेच त्यांचे शिक्षण ठरले. कापसाची नोंद घ्या. झाड, पीक, बाजार, गिरणी हे सगळे एकाच मथळ्याखाली घालायचे की वेगळे काढायचे? सगळे इथेच सांगून टाकले तर पुढच्या खंडातल्या गिरण्यांच्या नोंदीत काय उरेल? आणि वेगळे काढले तर फक्त ‘कापूस’ उघडणाऱ्या वाचकाला निदान किती कळायला हवे? अकारविल्हे हा मोठा कडक मास्तर आहे. एकदा छापून गेलेल्या अक्षराकडे परत जाता येत नाही, त्यामुळे प्रत्येक मजकुराची जागा आणि लांबी लिहिण्याआधी ठरवावी लागते. बांधणीचे संपादन म्हणतात ते याहून फारसे निराळे नाही.

हा तर्क आहे, पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा म्हणजे त्या टेबलावरून उठून गेलेली माणसे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे दोघेही केतकरांच्या ज्ञानकोशात काम करून तयार झालेले. ज्ञानकोश संपतो न संपतो तोच त्यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चा घाट घातला आणि १९३२ ते १९३८ या अवघ्या सहा वर्षांत त्याचे सात खंड काढले. पुढे वाक्संप्रदायांचा कोश, शास्त्रीय परिभाषेचा कोश, सुलभ विश्वकोश. नुसत्या विद्वत्तेने हे होत नाही. मराठीत विद्वान कमी नव्हते, पण त्यांतल्या बहुतेकांचे संकल्प पहिल्या भागाशीच अडकून राहिले. या दोघांना सहकाऱ्यांकडून मजकूर घेणे, तो मापात बसवणे आणि तारखेला सोडणे जमत होते, आणि ते त्यांनी नोकरीत, उमेदवारी करत उचलले होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. केतकरांची कचेरी ही एका हेकट, प्रतिभावान माणसाची कचेरी होती. प्रस्तावनाखंडांत तर समाजशास्त्रज्ञ केतकरांची मतेच पानोपानी बोलतात. अशा ठिकाणी मदतनीस संपादन शिकतो की मालकाची री ओढायला शिकतो? पण दाते-कर्वे यांचा शब्दकोश उघडून पाहावा. त्यात केतकरी आवेशाचा मागमूस नाही. अर्थ, उदाहरण, व्युत्पत्ती, की पुढचा शब्द. त्यांनी गुरूची पद्धत घेतली आणि मते तिथेच ठेवली. धंदा शिकल्याची याहून चांगली खूण मला सांगता येणार नाही.

दुसरी शाळा कृष्णाकाठी, वाईला भरली. तिथल्या प्राज्ञ पाठशाळेत धर्मकोशाचे काम आधीपासून चालू होते आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यात मुरलेले होते. १९६० साली राज्याचे साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाची कचेरी मुंबई-पुण्याऐवजी वाईत बसली. या कचेरीने एक गोष्ट शहाणपणाची केली: आधी परिभाषा. परिभाषासंग्रहाचा खंड १९७३ साली निघाला, नोंदींचा पहिला खंड १९७६ साली. शेकडो लेखक लिहिणार असतील तर शब्द आधी ठरलेले हवेत, हे तिथे कामाच्या क्रमातच दिसते. विश्वकोशातल्या एखाद्या विज्ञानविषयक नोंदीचा तळ पाहावा. तिथे पुष्कळदा दोन नावे असतात, एकापुढे कंसात ‘इं.’, दुसऱ्यापुढे ‘म.’. म्हणजे तज्ज्ञाने इंग्रजीत लिहिले आणि दुसऱ्या कोणी ते मराठीत आणले. मजकुराच्या मध्येच चौकटी कंसात बाण येतो आणि वाचकाला दुसऱ्या नोंदीकडे धाडतो. त्या बाणामागे कोणीतरी घेतलेला निर्णय असतो: हे इथे सांगायचे नाही, तिथे सांगितले आहे. अशा निर्णयांची सवय लागणे हेच प्रशिक्षण, मग त्याला वर्ग नसो की प्रमाणपत्र.

‘मौज’ प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिक यांचे काय, हा प्रश्न येणारच. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांची हस्तलिखिते ज्या बारकाईने पाहिली, तिला मराठीत तोड नाही. पण ते काम मुख्यतः ललित लेखनाचे, आणि त्यातून घडले ते लेखक. त्यांच्या हाताखाली त्यांच्यासारखे संपादक किती तयार झाले, हा हिशेब मांडला तर आकडा लहान निघतो. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडले आणि ते कसब बरेचसे व्यक्तींबरोबर गेले. कोशाच्या कचेरीचे तसे नव्हते. तिथे माणूस बदलला तरी नोंदींची यादी, शब्दमर्यादा आणि परिभाषा टेबलावर राहत असे.

कोशशाळेची खरी उणीव मात्र वेगळी आहे आणि ती मान्य केलीच पाहिजे. नोंद म्हणजे पुस्तक नव्हे. हजार शब्दांत विषय बसवायला शिकलेल्या माणसाला तीनशे पानांतून एकच युक्तिवाद ओढत न्यायला शिकवलेले नसते. आपली कितीतरी वैचारिक पुस्तके सुटे लेख एकत्र बांधल्यासारखी वाटतात. त्याला नियतकालिकांतून आलेले लेखन हे एक कारण. पण प्रकरणांमधला सांधा पाहणारा माणूस आपल्याकडे कुठल्याच टेबलावर घडला नाही, हे दुसरे आणि माझ्या मते मोठे. कोशांनी अर्धे शिक्षण दिले. उरलेले अर्धे प्रकाशकांनी द्यायचे होते. ते बहुतेकांनी मुद्रितशोधनावरच भागवले.

विश्वकोश आता संगणकावरही वाचता येतो. नोंदीखाली लिहिणाऱ्याचे नाव आहे, मराठीत आणणाऱ्याचे आहे. ती नोंद कापून पुन्हा बांधणाऱ्याचे तिथे नाही.