पाव, पानिनी आणि कंपनी

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात पावलोपावली 'कंपनी' भेटते. या शब्दाच्या पोटात पाव आहे. लॅटिनमध्ये 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. पाव वाटून खाणारे ते सोबती. त्याच 'पानिस'चा पोर्तुगीज 'पाँव' आपल्याकडे येऊन पाव झाला. इटालियनमध्ये 'पाने' म्हणजे पाव, 'पानिनो' म्हणजे छोटा पाव आणि त्याचं अनेकवचन 'पानिनी'. आपण मात्र एका सँडविचलाही पानिनीच म्हणतो.

पानिनी दाबून भाजायला घरी यंत्र नसलं तरी चालतं. पावात चीज, टोमॅटो, तुळस भरा, बाहेरून तेल लावा, मंद आचेवर ठेवून वरून जड तवा दाबा. पहिल्या पाळीच्या डब्यात दोन द्या, एक शेजारच्या मशीनवरच्या सोबत्यासाठी. कंपनी खरी तीच.