क्रीडाप्रेक्षकांच्या इजा व विधिदायित्व

सामने, शर्यती व इतर क्रीडाप्रसंग पाहण्यास आलेल्या व्यक्तीस तेथे झालेल्या शारीरिक इजेबद्दल किंवा तिच्या मृत्यूबद्दल आयोजक, जागेचा भोगवटादार, खेळाडू वा बंदोबस्ताची यंत्रणा यांच्यावर येणारी नुकसानभरपाईची जबाबदारी. हा विषय मुख्यतः अपकृत्यविधीचा असला, तरी करारविधी व फौजदारी कायदा यांचाही त्याच्याशी संबंध येतो. प्रेक्षकाला संभवणारे धोके दोन प्रकारचे असतात : चेंडू, घोडा वा मोटार मर्यादेबाहेर येण्यासारखा खेळातूनच उद्‌भवणारा धोका आणि कमकुवत सज्जा, अरुंद जिना, बंद दरवाजा किंवा अनावर गर्दी यांसारखा व्यवस्थेतील दोषामुळे निर्माण होणारा धोका. पहिला धोका बव्हंशी प्रेक्षकाने सोसावा व दुसरा आयोजकाने, अशी विभागणी न्यायालयांनी हळूहळू रूढ केली. या दोहोंमधील सीमारेषा कोठे आखावयाची, हाच या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

प्राचीन रोममध्ये या प्रश्नाची जाणीव होती. इ. स. २७ मध्ये रोमजवळील फिडेनी येथे अटिलियस नावाच्या मुक्त गुलामाने ग्लॅडिएटरांच्या झुंजींसाठी उभारलेले लाकडी प्रेक्षागृह कोसळले. मृत व जखमी यांची संख्या टॅसिटस या इतिहासकाराने ५०,००० दिली आहे. स्विटोनियसच्या मते मृतच २०,००० हून अधिक होते. पाया भक्कम जमिनीवर घातलेला नव्हता व बांधकाम केवळ पैशाच्या लोभाने उरकलेले होते, असे टॅसिटस म्हणतो. अटिलियसला हद्दपार करण्यात आले. ४,००,००० सेस्टर्सपेक्षा कमी मालमत्ता असणाऱ्याने असे खेळ भरवू नयेत व जमिनीची पारख केल्याशिवाय प्रेक्षागृह बांधू नये, असा ठराव सेनेटने केला. मोठी जीवितहानी झाल्यानंतरच नियम व्हावेत, हा क्रम पुढील इतिहासातही वारंवार आढळतो.

आधुनिक काळात तिकीट लावून खेळ दाखविण्याची प्रथा प्रथम इंग्लंडमध्ये मोठ्या प्रमाणावर रुजली व संबंधित विधीही तेथेच विकसित झाला. चेल्टनम येथील घोड्यांच्या शर्यतीसाठी उभारलेला सज्जा १८६६ मध्ये कोसळला. त्यावरून उद्‌भवलेल्या फ्रान्सिस विरुद्ध कॉक्रेल या खटल्यात (१८७०) काम लायक कंत्राटदारांकडे सोपविले होते व दोषाची आपणास कल्पना नव्हती, असा प्रतिवादीचा बचाव होता. न्यायालयाने तो अमान्य केला. बसण्याच्या जागेसाठी जो पैसे घेतो तो ती जागा वाजवी काळजीने बांधलेली असल्याची अध्याहृत हमी देतो. म्हणून कंत्राटदाराच्या हयगयीचाही भार त्याच्यावरच पडतो, असे या निर्णयाचे सार आहे.

खेळातील धोक्याबाबत मात्र न्यायालयांनी वेगळी भूमिका घेतली. सरे परगण्यातील ब्रुकलंड्झ या मोटारशर्यतीच्या मार्गावर १९३० मध्ये दोन मोटारींची टक्कर होऊन एक मोटार कठड्यावर जाऊन आदळली. दोन प्रेक्षक ठार झाले व अनेक जखमी झाले. १९०७ मध्ये मार्ग खुला झाल्यापासून असा प्रकार पूर्वी कधीच घडला नव्हता. ज्यूरीने कंपनीला दोषी धरले. परंतु अपील न्यायालयाने १९३२ मध्ये तो निर्णय फिरविला. आयोजक हा प्रेक्षकांचा विमेदार नव्हे, त्याने वाजवी काळजी घेतली की पुरे व खेळात अंगभूत असलेला धोका प्रेक्षक पत्करतो, हे तत्त्व हॉल विरुद्ध ब्रुकलंड्झ या खटल्याने प्रस्थापित केले. बर्फावरील हॉकी पाहताना चकती डोळ्यास लागून जखमी झालेल्या सहा वर्षांच्या मुलाचा दावाही १९५१ मध्ये याच आधारे फेटाळला गेला. एवढ्या लहान मुलाने धोका समजून पत्करला असे मानणे कितपत न्याय्य, हा आक्षेप या निर्णयावर घेता येतो.

खेळाडूच्या दायित्वाविषयीचा प्रमुख निर्णय वुलड्रिज विरुद्ध समनर (१९६२) हा होय. लंडन येथील अश्वप्रदर्शनात मार्ग सोडून आलेल्या घोड्यामुळे एक छायाचित्रकार जखमी झाला. जिंकण्याच्या ईर्ष्येत घोडेस्वाराचा अंदाज चुकला, एवढ्यावरून तो दायी ठरत नाही. त्याने प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची बेपर्वाईने उपेक्षा केली असेल तरच तो दायी ठरतो, असे अपील न्यायालयाने म्हटले. अमेरिकेत मिसूरी राज्यातील क्रेन खटल्यापासून (१९१३) ‘बेसबॉल नियम’ म्हणून ओळखले जाणारे तत्त्व रूढ झाले. जाळीमागील पुरेशा जागा उपलब्ध असताना जो प्रेक्षक उघड्यावरची जागा निवडतो, त्याला चेंडू लागल्यास भरपाई मागता येत नाही, असे ते तत्त्व आहे. इलिनॉय व कोलोरॅडो या राज्यांनी १९९० नंतरच्या दशकात यासंबंधी कायदेही केले. तथापि प्रेक्षकांना गंभीर दुखापती होत राहिल्याने तेथील प्रमुख संघांनी २०१८ पर्यंत आपल्या मैदानांवरील जाळ्यांचा विस्तार केला.

दोन धोक्यांतील भेद व्हाइट विरुद्ध ब्लॅकमोर या खटल्यात (१९७२) विशेष स्पष्ट झाला. जुन्या मोटारींच्या शर्यतीत दोर चुकीच्या रीतीने बांधले गेल्यामुळे, त्या वेळी प्रेक्षक म्हणून उभ्या असलेल्या एका स्पर्धकाचा मृत्यू झाला. त्याने शर्यतीचा धोका पत्करला होता, आयोजकांच्या सदोष व्यवस्थेचा नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. तरीही दायित्व नाकारणारे फलक लावलेले असल्यामुळे विधवेचा दावा बहुमताने फेटाळण्यात आला. ही उणीव १९७७ च्या अन्याय्य करारशर्तींच्या कायद्याने दूर केली. व्यावसायिक आयोजकास हयगयीमुळे झालेल्या मृत्यूचे वा इजेचे दायित्व तिकिटावरील मजकुराने किंवा फलकाने टाळता येणार नाही, असा निर्बंध त्याने घातला.

मोठ्या दुर्घटनांमुळे विधीचा भर भरपाईकडून प्रतिबंधाकडे वळला. ग्लासगो येथील आयब्रॉक्स मैदानावर १९०२ मध्ये लाकडी सज्जा मोडून पंचवीसच्या आसपास प्रेक्षक मरण पावले. लाकूड पुरविणाऱ्यावर खटला झाला, पण तो निर्दोष सुटला. त्याच मैदानाच्या एका जिन्यावर २ जानेवारी १९७१ रोजी चेंगराचेंगरी होऊन ६६ जण मृत्युमुखी पडले. या जिन्यावर पूर्वीही अपघात झाले होते. म्हणून धोका अकल्पित नव्हता, असे ठरवून स्थानिक न्यायालयाने १९७४ मध्ये क्लबला दायी धरले. त्यानंतर झालेल्या १९७५ च्या कायद्याने मोठ्या मैदानांना सुरक्षा प्रमाणपत्र आवश्यक केले. ब्रॅडफर्ड येथील मैदान मात्र त्याखाली आलेले नव्हते. तेथील लाकडी सज्जाखाली साचलेल्या कचऱ्याने ११ मे १९८५ रोजी पेट घेऊन ५६ जण मरण पावले. १९८७ च्या निर्णयात दायित्वाचा दोन तृतीयांश भाग क्लबवर व एक तृतीयांश भाग, आपले अधिकार न वापरणाऱ्या परगणा परिषदेवर टाकण्यात आला. शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीने (१५ एप्रिल १९८९) ९७ बळी घेतले. त्या प्रकरणी प्रारंभी प्रेक्षकांनाच दोष देण्यात आला होता. २०१६ मध्ये मृत्युचौकशीच्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर ठरविले व प्रेक्षकांकडे दोष नसल्याचा निर्वाळा दिला.

भारतात अपकृत्यविधी संहिताबद्ध नसल्यामुळे इंग्रजी निर्णयांतील तत्त्वे मार्गदर्शक मानली जातात. क्रीडाप्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. हयगयीने मृत्यू घडविल्याबद्दल भारतीय दंडसंहितेच्या ३०४ अ या कलमाखाली शिक्षा होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाने त्याची जागा घेतली. कलकत्त्यातील ईडन गार्डन्स येथे १६ ऑगस्ट १९८० रोजी ईस्ट बंगाल व मोहनबागान यांच्या फुटबॉल सामन्याच्या वेळी झालेल्या दंगलीत व चेंगराचेंगरीत १६ जण मरण पावले. नागपूर येथे १९९५ मध्ये भारत-न्यूझीलंड क्रिकेट सामन्याच्या वेळी प्रेक्षागृहाची भिंत कोसळून प्रेक्षकांचा बळी गेला. क्रीडेतर प्रसंगातील एक निर्णयही येथे लक्षणीय आहे. मीरत येथील ग्राहकवस्तूंच्या प्रदर्शनातील आगीसंबंधी (२००६) सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आयोजकांवर ६० टक्के व राज्य शासनावर ४० टक्के दायित्व ठेवले आणि कंत्राटदाराकडे बोट दाखविण्याचा आयोजकांचा बचाव अमान्य केला. चेल्टनमच्या खटल्यातील तत्त्वाशी हा निर्णय सुसंगत आहे.

बंगळूरच्या चिन्नस्वामी स्टेडियमबाहेर ४ जून २०२५ रोजी विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जण मरण पावले. मैदानात प्रवेशही न मिळालेल्या या लोकांनी खेळातील कोणताही धोका पत्करला होता, असे म्हणता येत नाही. निमंत्रणाने गर्दी जमविणाऱ्याची जबाबदारी प्रवेशद्वारापाशीच सुरू होते की त्याही अलीकडे रस्त्यावर, हा प्रश्न त्यामुळे न्यायालयांपुढे आला आहे.