घरी परत आल्याचा गुन्हा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन दिवसांची सुट्टी आली होती, न्यू जर्सीत बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि आम्ही चार ऑनसाईट टाळकी एका अपार्टमेंटमध्ये बसून "कुठे जाऊया?" या सनातन प्रश्नावर चर्चा करत होतो. रूममेट एकदम म्हणाला, "क्यूबा! फ्लोरिडापासून नव्वद मैल. बंदी आहे ती अमेरिकन लोकांना. आपला पासपोर्ट भारताचा. आपल्याला कोण अडवतंय?"

लॉजिक बिनतोड वाटलं. पण कुठलीही गोष्ट इन्स्टॉल करताना अटी खरोखरच वाचणाऱ्या दुर्मिळ जमातीतला मी! शनिवारी सकाळी चहा घेऊन अमेरिकेच्या अर्थखात्याचे नियम उघडले. पहिला धक्का म्हणजे हे नियम फक्त नागरिकांना नाहीत, अमेरिकेत असलेल्या प्रत्येकाला आहेत. म्हणजे एच-वन वाले आपणसुद्धा त्यात आलो. दुसरा धक्का जास्त गमतीचा होता. नियम "क्यूबाला जाऊ नका" असं म्हणतच नाही. तो म्हणतो, पर्यटनासाठी तिथे पैसे खर्च करू नका. हॉटेल नको, टॅक्सी नको, कॉफीसुद्धा नको. आता हवेवर जगणारा कुणी योगी असेल तर त्याने खुशाल जावं!

हे वाचून मला एखाद्या जुन्या सिस्टीमचा कोड बघतोय असं वाटलं. इतका वाकडातिकडा वर्कअराऊंड कुणी उगाच लिहीत नाही. आधी कुठेतरी सरळ रस्ता बंद झालेला असतो. तो कुठे बंद झाला हे शोधता शोधता अख्खा वीकेंड गेला आणि एका माणसाची ओळख झाली.

विल्यम वर्दी. (आडनाव मराठीत लिहिलं की गंमत होते, कारण या माणसाने दुसऱ्या महायुद्धात सैन्याची वर्दी घालायला तत्त्व म्हणून नकार दिला होता.) जन्म बॉस्टनचा, १९२१ सालचा. कृष्णवर्णीय पत्रकार, बाल्टिमोरच्या 'आफ्रो-अमेरिकन' या वृत्तपत्रासाठी लिहिणारा.

१९५० च्या दशकात अमेरिकन पासपोर्ट कम्युनिस्ट चीनला चालत नसे. १९५६ च्या ऑगस्टमध्ये चीनने अमेरिकन पत्रकारांना "या, बघा" म्हणून निमंत्रण दिलं. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी ठाम नकार दिला. चीनच्या तुरुंगात तेव्हा दहा अमेरिकन होते आणि पत्रकारांना पाठवलं तर ते चीनला बक्षीस दिल्यासारखं होईल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे साठ कोटींचा देश आपल्या वाचकांना कसा दिसावा, हा प्रश्न वाटाघाटीतला एक पत्ता होऊन बसला. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी निषेधाची पत्रं लिहिली आणि ती घरीच बसली. गेले फक्त तिघे. दोघे 'लुक' मासिकाचे, आणि तिसरा वर्दी. १९५६ च्या नाताळात तो हाँगकाँगमधून पलीकडे गेला, ४१ दिवस राहिला, चौ एन-लायची मुलाखत घेतली आणि परत आला.

परतल्यावर त्याला कुणी पकडलं नाही. फक्त १९५७ मध्ये पासपोर्टची मुदत संपल्यावर नवा दिला नाही. अट एकच होती. बंदी घातलेल्या देशात पुन्हा जाणार नाही असं वचन दे. त्याने दिलं नाही. कोर्टात गेला, १९५९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात हरला, सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला.

एक उपकथा सांगायचा मोह आवरत नाही. १९५७ च्या ऑगस्टमध्ये डलेस थोडे नरमले आणि चोवीस वृत्तसंस्थांना प्रत्येकी एक बातमीदार पाठवायची परवानगी दिली. पण त्या बदल्यात चिनी पत्रकारांना अमेरिकेत येऊ देण्याचं कबूल केलं नाही. मग चीनने दार लावून घेतलं. एका सरकारने हो म्हटलं तेव्हा दुसरं नाही म्हणालं! बघायची इच्छा असलेला माणूस मध्येच लोंबकळत.

असो. वर्दीकडे येतो. १९६१ मध्ये क्यूबाशी अमेरिकेने संबंध तोडले होते आणि तिथे जायला खास परवानगी लागत होती. वर्दीकडे तर पासपोर्टच नव्हता. हा गडी तसाच क्यूबाला गेला, लिहिलं, आणि ऑक्टोबरमध्ये मायामीच्या विमानतळावर उतरला. काउंटरवर त्याने जन्माचा दाखला दाखवला. मी बॉस्टनचा, हे माझं गाव. अधिकाऱ्याने त्याला आत सोडलंही.

पुढच्या वर्षी खटला भरला गेला. आरोप काय असेल? क्यूबाला गेल्याचा नाही. अमेरिका सोडल्याचाही नाही. वैध पासपोर्टशिवाय अमेरिकेत *प्रवेश केल्याचा*. म्हणजे स्वतःच्या घरी परत आल्याचा.

मी हे दोनदा वाचलं. आपण व्हिसावाले लोक इमिग्रेशनच्या रांगेत उभे असताना पोटात गोळा येतो, तो समजू शकतो, कारण आपण पाहुणे. इथे घरमालकाला विचारतायत की तू घरात आलास कसा! आणि कायद्याचं हे कलम लागू व्हायला देशात आणीबाणी असावी लागते. ती होती का? कागदावर होती. कोरियाच्या युद्धामुळे ट्रुमननी डिसेंबर १९५० मध्ये जाहीर केलेली आणीबाणी, युद्ध १९५३ मध्ये थांबलं तरी कुणी मागेच घेतली नव्हती. आपली एकवीस महिन्यांची आणीबाणी अजून घराघरात आठवतात. ही लोकांच्या नकळत वर्षानुवर्षं चालू होती.

ऑगस्ट १९६२ मध्ये मायामीच्या कोर्टाने वर्दीला दोषी ठरवून तीन महिन्यांची शिक्षा दिली. त्याचा एक वकील होता विल्यम कुन्सलर, पुढे अशाच खटल्यांसाठी गाजलेला. फिल ऑक्सने वर्दीवर गाणं केलं. आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये अपील कोर्टाने शिक्षा रद्द केली. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की सरहद्दीबाहेर उभ्या असलेल्या नागरिकापुढे सरकार 'आत आलास तर तुरुंग, नाही आलास तर वनवास' असे दोनच पर्याय ठेवू शकत नाही.

मग सरकारची बाजू पडली का? नाही ना! कनेक्टिकटमध्ये स्कीइंगचं रिसॉर्ट चालवणारे लुई झेमेल नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी क्यूबाला जायची रीतसर परवानगी मागितली. कारण काय लिहावं? तिथे काय चाललंय याचं कुतूहल आहे, आणि जास्त माहितगार नागरिक व्हायचंय. मला हे कारण फार आवडलं. व्हिसाच्या फॉर्मवर असा रकाना पाहिजे. पण १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना नाही म्हटलं. बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे माहिती गोळा करायला वाटेल तिथे जाण्याचं स्वातंत्र्य नव्हे, असं न्यायमूर्ती वॉरन यांनी लिहिलं. मला हे पटत नाही. बघूच दिलं नाही तर बोलायचं कशाच्या जोरावर? सरकारने सांगितलेलंच परत सांगायचं.

आणि आता खरा ट्विस्ट. १९६३ मध्ये ५८ अमेरिकन क्यूबाला गेले. पासपोर्ट वैध, फक्त क्यूबाचा शिक्का नाही. ती सहल जमवणाऱ्यांवर खटला झाला. जानेवारी १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की परराष्ट्र खातं पासपोर्टवर 'इथे चालणार नाही' असं लिहू शकतं, पण वैध पासपोर्ट घेऊन तिथे जाणं हा गुन्हा आहे असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही! इतकी वर्षं सगळे ज्याला बंदी समजत होते, ती फोडणं हा गुन्हाच नव्हता. पाटी होती, कुंपण नव्हतं. वर्दीला १९६८ मध्ये पासपोर्ट परत मिळाला. अकरा वर्षांनी.

१९७७ मध्ये कार्टरनी पासपोर्टवरची बंदी संपू दिली. १९८२ मध्ये रेगन यांना क्यूबाची बंदी परत आणायची होती, तेव्हा त्यांनी पासपोर्टचा रस्ता सोडून पैशाचा धरला. हत्यार होतं शत्रूशी व्यापार रोखण्याचा १९१७ सालचा कायदा. दोन वर्षांनी सुप्रीम कोर्टाने तेही पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केलं. सापडला माझा वर्कअराऊंड! हॉटेल आणि कॉफीचं गणित इथून आलंय. ओबामांच्या काळात ते बरंच सैल झालं, ट्रम्पनी पुन्हा आवळलं, पण 'नुसतं फिरायला' या कारणासाठी दार आजही बंदच आहे. उत्तर कोरियासाठी मात्र २०१७ पासून पुन्हा जुनीच पासपोर्टची पद्धत आली.

इथपर्यंत वाचून मी अमेरिकेला मनसोक्त नावं ठेवत होतो. मग भारतात सुट्टीवर गेलो असताना काकांच्या कपाटात त्यांचा सत्तरच्या दशकातला पासपोर्ट सापडला. त्यात हा पासपोर्ट कुठे चालेल ते लिहिलं होतं, आणि दक्षिण आफ्रिका वगळली होती. मी म्हटलं, "काका, तुम्हालाही बंदी?" ते म्हणाले, "अरे, तिथे जाऊन काळ्यांच्या बाकावर बसायचं होतं कुणाला?"

काकांचं बरोबरच होतं. भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, तोही जगात सगळ्यात आधी. त्या बंदीचा मला आजही अभिमान वाटतो. आणि तरीही प्रश्न उरतोच. एखाद्या भारतीय वर्दीला तिथे जाऊन वर्णभेद डोळ्यांनी बघून लिहायचं असतं तर? मला आवडणारी बंदीसुद्धा बंदीच की. यावर माझ्याकडे धड उत्तर नाही.

शिवाय तेव्हा आपल्याकडे पासपोर्ट मिळणं हा हक्क मानला जात नव्हता. सरकारची मर्जी. मुंबई, केरळ आणि म्हैसूरच्या हायकोर्टांनी वेगळं मत दिलं होतं, दिल्लीने सरकारची बाजू घेतली. शेवटी एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी परदेश प्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. डलेसच्याच विरुद्ध रॉकवेल केंट या चित्रकाराने १९५८ मध्ये जिंकलेल्या खटल्याचा तिथे विचार झाला होता. सरकारने महिन्याभरात वटहुकूम काढला आणि पाठोपाठ पासपोर्ट कायदा आला. त्याच्या एकोणिसाव्या कलमात ठराविक देशांसाठी पासपोर्ट अवैध करायची सोय आहे.

ती सोय धूळ खात पडलेली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये युद्धामुळे येमेनला जायला भारतीयांना बंदी घातली गेली. तिथल्या तुरुंगात एका केरळी नर्सला फाशीची शिक्षा झालेली. तिच्या आईला तिला भेटायचं होतं, मृताच्या घरच्यांशी बोलायचं होतं. त्यासाठी आईला दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टाने परवानगी दिली, पण स्वतःच्या जबाबदारीवर जाते आहे, सरकारवर कसलाही भार नाही, असं लिहून घेऊन. एप्रिल २०२४ मध्ये ती आई येमेनला पोचली. तिला परदेश धोरणातलं काही सिद्ध करायचं नव्हतं. मुलीला बघायचं होतं.

हो, आमच्या त्या सुट्टीचं सांगायचं राहिलं. मी रूममेटला सगळा इतिहास ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, "म्हणजे नाही जायचं ना? मग इतका वेळ काय वाचत होतास?" आम्ही नायगाराला गेलो. तिसऱ्यांदा.