रिबेकाचे दीपदान

रिबेका रुबिन : ‘अमेरिकन गर्ल’ कंपनीने २००९ मध्ये आणलेली १८ इंची बाहुली. कथेनुसार ती १९१४ सालच्या न्यूयॉर्कमधल्या रशियन-ज्यू घरातली मुलगी. हनुक्का सणासाठी तिचा इवलासा संचही निघाला. त्याला भातुकली म्हणता येईल. पण भातुकलीत करवंटीचेही पातेले चालते, इथे संचातल्या दीपदानाच्या जागा मोजूनच हव्यात. आठ रात्रींच्या आठ मेणबत्त्या आणि त्या पेटवणारी नववी, ‘शमाश’. सात शाखांची मेनोरा जेरुसलेमच्या प्राचीन मंदिरातली, ती वेगळी. सोबतच्या चौकोनी भोवऱ्यावर, म्हणजे ड्रेडलवर, नून, गिमेल, हे, शिन ही हिब्रू अक्षरे असतात. इस्रायलमधल्या भोवऱ्यांवर शिनऐवजी पे असते.